मेट्रिक पद्धतीत कोणती मापे मोडतात?

मापांची कोष्टके पाठ करून घेतल्यावर वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी उभा राहून विचारतो, "गुरुजी, तास आणि मिनिट हीसुद्धा मेट्रिकच ना?" पुस्तकात लांबी, वजन व धारकता यांच्या पाठोपाठ कालमापनाचा धडा आलेला असतो, तेव्हा ही शंका स्वाभाविकच होय. दुसरा विद्यार्थी सांगतो की, त्याच्या घरी सोने तोळ्याने घेतात आणि सोनार दहा ग्रॅमचा तोळा देतो. मग तोळा मेट्रिक झाला की नाही? तिसऱ्याच्या वडिलांची जमीन गुंठ्यांत मोजली जाते, परंतु सात-बाराच्या उताऱ्यावर गुंठा हा शब्दच आढळत नाही. अशा प्रश्नांना "पुस्तकात आहे ते मेट्रिक, नाही ते जुने" एवढे उत्तर देऊन शिक्षकास मोकळे होता येत नाही. मापाचे मेट्रिकपण त्याच्या नावावरून ओळखता येत नाही आणि ते बाजारात चालते की नाही यावरूनही ठरत नाही. ते त्याच्या कुळावरून ठरते, आणि हे कूळ पाहण्याची रीत प्राथमिक शाळेतील मुलालाही समजण्याजोगी आहे.

प्रथम शब्दाचा एक घोळ दूर करावयास हवा. मराठीत 'दशमान पद्धती' हे नाव दोन निरनिराळ्या गोष्टींना दिले जाते. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. ('नवे' हे विशेषण पुढे १९६४ साली गळून पडले.) ही नाणेपद्धतीतील सुधारणा होय. वजनमापांचा कायदा १९५६ साली संमत झाला, ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने बाजारात येऊ लागली आणि १९६२ सालापर्यंत ती सक्तीची झाली. दोन्ही सुधारणा हातात हात घालून आल्यामुळे लोकांच्या मनात त्या एकच होऊन बसल्या. वस्तुतः रुपया आणि पैसा ही दशमान असूनही मेट्रिक नाहीत, कारण मीटरशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. दशमान म्हणजे दहाच्या पटीने चालणारे. मेट्रिक म्हणजे मीटरपासून निघालेले आणि शिवाय दहाच्या पटीने चालणारे.

हे कूळ कोठे सुरू झाले ते पाहिले म्हणजे पुढचे सारे सोपे जाते. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात ७ एप्रिल १७९५ रोजी एक कायदा झाला. त्याने पाच मापांना नावे दिली : लांबीसाठी मीटर, जमिनीसाठी आर, सरपणासाठी स्तेर, धान्य व द्रव पदार्थांसाठी लिटर आणि वजनासाठी ग्रॅम. मीटर म्हणजे उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एककोट्यंश, असे त्या वेळी ठरविण्यात आले होते. हे अंतर निश्चित करण्यासाठी दलांब्र आणि मेशँ ह्या दोन ज्योतिर्विदांनी डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतच्या रेषेची मोजणी १७९२ ते १७९८ ह्या काळात, युद्धाच्या धामधुमीत, पार पाडली. एकदा मीटर हाती आल्यावर बाकीची चार मापे त्यातूनच काढलेली होती. दहा मीटर बाजू असलेला चौरस म्हणजे आर. एक मीटर बाजूचा घन म्हणजे स्तेर. दहा सेंटिमीटर बाजूचा घन म्हणजे लिटर. एक घन सेंटिमीटर पाण्याचे वजन म्हणजे ग्रॅम. एका मापपट्टीतून शेत, सरपण, दूध आणि वजन ही सर्व मोजता यावीत, ही ह्या पद्धतीची खरी प्रतिज्ञा होती. शेर, पायली, गज आणि तोळा ह्यांच्यामध्ये असे कोणतेही नाते नव्हते. गजावरून पायली काढता येत नसे आणि एका पेठेतला शेर दुसऱ्या पेठेतल्या शेराशी जुळेलच, याचीही खात्री नसे.

म्हणून कोणतेही माप पुढे आले की विद्यार्थ्यांनी दोन प्रश्न विचारावेत. हे माप मीटर किंवा किलोग्रॅम यांपासून निघाले आहे काय? आणि मूळ मापाशी त्याचे नाते दहा, शंभर, हजार अशा पटींचे अथवा अंशांचे आहे काय? दोन्ही उत्तरे होकारार्थी आली तरच ते माप मेट्रिक कुळातले. फूट पहिल्याच पायरीवर गळतो. रुपयाही तेथेच गळतो. तास मात्र दुसऱ्या पायरीवर अडखळतो, कारण साठ सेकंदांचे मिनिट आणि साठ मिनिटांचा तास ही वाटणी दहाची नव्हे. फ्रेंचांनी कालमापनही दशमान करून पाहिले होते. १७९३ साली त्यांनी दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटे आणि मिनिटाचे शंभर सेकंद पाडले. परंतु घड्याळे, कामाच्या वेळा आणि लोकांच्या सवयी बदलेनात. गंमत अशी की, ज्या कायद्याने मीटर व लिटर यांना नावे दिली त्याच कायद्याने हे दशमान घड्याळ स्थगित केले. वर्गातील त्या पहिल्या विद्यार्थ्याला दिल्या जाणाऱ्या उत्तराची तारीखही अशा रीतीने ७ एप्रिल १७९५ हीच आहे.

उपसर्गांविषयी फारसे सांगण्याची गरज नाही. डेका, हेक्टो व किलो हे ग्रीक भाषेतून घेतलेले चढते उपसर्ग आणि डेसी, सेंटी व मिली हे लॅटिनमधून घेतलेले उतरते. मुले ही माळ घडाघड म्हणतात. मात्र आपल्याकडील बाजारात डेकाग्रॅम किंवा हेक्टोलिटर कधीच कोणी मागत नाही. तेव्हा त्यांच्या घोकंपट्टीवर तासच्या तास खर्ची घालण्यापेक्षा किलो, सेंटी व मिली हे तीन उपसर्ग पक्के करून घेणे अधिक हिताचे. खरी चूक वेगळ्याच ठिकाणी होते. एका मीटरचे शंभर सेंटिमीटर म्हणून एका चौरस मीटरचेही शंभर चौरस सेंटिमीटर, असे पुष्कळ मुले लिहितात. जमिनीवर खडूने एक मीटर बाजूचा चौरस आखून त्याच्या एका कडेला एक-एक सेंटिमीटरच्या शंभर खुणा करावयास लावाव्यात आणि अशा किती रांगा बसतील ते विचारावे. उत्तर दहा हजार येते, आणि एकदा हाताने काढलेले हे उत्तर मुले सहसा विसरत नाहीत.

लिटराच्या बाबतीतही हाताने करून पाहण्याजोगे बरेच आहे. जाड पुठ्ठ्याचा दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद व तेवढाच उंच असा उघडा डबा करून त्याला आतून प्लॅस्टिकचा कागद लावावा आणि त्यात लिटरच्या मापाने पाणी ओतावे. डबा काठोकाठ भरतो. तेच पाणी तराजूत घातले तर ते सुमारे एक किलोग्रॅम भरते. लांबी, धारकता आणि वजन यांचे नाते येथे डोळ्यांना दिसते. १९०१ साली एका आंतरराष्ट्रीय परिषदेने लिटरची व्याख्या डब्याऐवजी पाण्याच्या वजनावर बसविली, आणि पुढे असे आढळले की हा लिटर घन डेसिमीटरहून किंचित मोठा, म्हणजे सुमारे २८ घन मिलिमीटरांनी अधिक आहे. पाण्याच्या एका थेंबाहूनही कमी असलेला हा फरक काढून टाकण्यासाठी १९६४ साली जुनी व्याख्या पुन्हा प्रस्थापित करण्यात आली. प्राथमिक शाळेत हा फरक शिकवावयाचा नाही. परंतु लिटर हे वजन नव्हे, ही गोष्ट मात्र आवर्जून शिकवावयाची आहे. खाद्यतेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर निव्वळ वजन ९१० ग्रॅमच्या आसपास छापलेले असते, कारण तेल पाण्याहून हलके. लिटरची पिशवी आणि किलोचा डबा यांच्या किमती शेजारीशेजारी ठेवून जो गृहस्थ स्वस्त-महाग ठरवितो, तो नव्वद ग्रॅम तेल विसरतो. दुधाचे उलट आहे. ते पाण्याहून किंचित जड असल्याने एक लिटर दूध एक किलोहून थोडे अधिक भरते.

आता जमिनीकडे वळावयाचे. ग्रामीण भागातील विद्यार्थ्याच्या घरी मेट्रिक पद्धतीचा सर्वांत महत्त्वाचा कागद कोणता असेल तर तो सात-बाराचा उतारा. त्यावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर यांत लिहिलेले असते. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि हेक्टो ह्या उपसर्गाने त्याची शंभर पट झाली की तो हेक्टर, म्हणजे दहा हजार चौरस मीटर. दोन्ही मेट्रिक कुळातली, आणि आर तर १७९५ सालच्या मूळ पाच भावंडांपैकी एक. आंतरराष्ट्रीय व्यवहारात आज हेक्टर टिकून आहे आणि एकटा आर जवळजवळ नाहीसा झाला आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत मात्र तो तलाठ्याच्या दप्तरात सुखाने नांदतो. गुंठ्याचे कूळ वेगळे. तेहेतीस फूट लांब व तेहेतीस फूट रुंद असा तुकडा म्हणजे गुंठा. त्याचे १,०८९ चौरस फूट होतात आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. गुंठा हा शब्द देशी असला तरी त्याचे माप इंग्रजी फुटावर बसविलेले आहे. मीटरांत तो सुमारे १०१.१७ चौरस मीटर भरतो.

आर आणि गुंठा इतके जवळ आल्यामुळेच घोटाळा होतो. बोलण्याच्या ओघात आरालाच गुंठा म्हणण्याची सवय गावोगाव पडलेली आहे. एका गुंठ्यामागे फरक सव्वा चौरस मीटरहूनही कमी, म्हणून तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. परंतु चाळीस गुंठे आणि चाळीस आर यांत जवळजवळ ४७ चौरस मीटरांचा, म्हणजे सुमारे ५०० चौरस फुटांचा फरक पडतो. एवढ्या जागेत लहानसे घर उभे राहते. भावाभावांच्या वाटण्यांत किंवा खरेदीच्या बोलणीत एक जण गुंठे बोलतो, दुसरा आर समजतो, आणि तंटा मोजणीच्या वेळी उघडा पडतो. म्हणून वरच्या वर्गांतील मुलांकडून पुढील प्रकारची उदाहरणे सोडवून घ्यावीत. उताऱ्यावर शून्य हेक्टर एक्याऐंशी आर असे लिहिलेले आहे. ते किती एकर? एका एकराचे सुमारे ४०.४७ आर होतात, म्हणून दोन एकरांचे ८०.९४ आर, तेव्हा हे क्षेत्र दोन एकरांच्या अगदी जवळ आहे. ज्या मुलाने हे एकदा केले, तो घरी वडिलांना उतारा वाचून दाखवू शकतो.

नाव आणि माप यांची अशी फारकत सोन्याच्या बाजारातही दिसते. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आजचा सोनार तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या तराजूत दहा ग्रॅम असतात. माप मेट्रिक आणि नाव जुने, असा हा प्रकार. यात व्यवहाराची अडचण नाही; पण आजीने चिटोऱ्यावर लिहून ठेवलेले पाच तोळे हे जुने असतील तर ते ५८ ग्रॅमहून अधिक भरावयास हवेत आणि पन्नास ग्रॅमवर समाधान मानणारा आठ ग्रॅम सोने गमावतो. याच्या नेमका उलट प्रसंग इतिहासात घडला होता. १८७१ साली हिंदुस्थान सरकारने केलेल्या वजनमापांच्या कायद्यात मूळ वजनाचे नाव 'शेर' असे ठेवले होते, आणि तो शेर म्हणजे फ्रान्समधील किलोग्रॅमच होता. तो कायदा व्यवहारात उतरला नाही. उतरला असता तर आज बाजारात शेराने साखर मिळाली असती आणि तरीही ती मेट्रिक मापानेच मिळाली असती.

बाजार समितीतील क्विंटल हा शंभर किलोग्रॅमचा आणि ऊस मोजावयाचा टन हजार किलोग्रॅमचा; दोघेही दोन्ही कसोट्यांना उतरतात. मात्र टन ह्या नावाची इंग्रजी व अमेरिकन भावंडे वेगळी आहेत, एक सुमारे १,०१६ किलोग्रॅमचे तर दुसरे सुमारे ९०७ किलोग्रॅमचे, हे शिक्षकास ठाऊक असावे. वाळू व खडी यांचे ब्रास हे माप शंभर घनफुटांचे असल्याने ते मेट्रिक नव्हे, त्याचे २.८३ घनमीटर होतात. धरणांच्या बातम्यांत येणारा 'टीएमसी' हा शब्द मुलांना फार आधुनिक आणि शास्त्रीय वाटतो. तो हजार दशलक्ष घनफुटांचा संक्षेप आहे, म्हणजे पुन्हा फूटच. कोयना धरणाची १०५.२५ टीएमसी ही साठवणक्षमता मेट्रिक मापात सांगावयाची तर सुमारे २,९८० दशलक्ष घनमीटर होते. धरणातून सोडलेले पाणी क्युसेकमध्ये सांगतात, त्यातही घनफूट लपलेला आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. कायदा होऊन साठांहून अधिक वर्षे लोटली, तरी पाणी, वाळू आणि घराचे क्षेत्रफळ ह्या तीन ठिकाणांहून फुटाला हलविणे जमलेले नाही, हे मान्य करावयास हवे.

येथवर मीटर व किलोग्रॅम यांच्या कुळाची गोष्ट झाली. विसाव्या शतकात वीज, उष्णता व प्रकाश यांच्या मापनासाठी हे कूळ वाढवावे लागले. १९६० साली ह्या विस्तारलेल्या पद्धतीस आंतरराष्ट्रीय एकक पद्धती असे नाव मिळाले. तिची मूळ एकके सात : मीटर, किलोग्रॅम, सेकंद, अँपिअर, केल्विन, कँडेला आणि १९७१ साली मागाहून आलेला मोल. यात सेकंद आला आहे, हे पाहून विद्यार्थी गोंधळतात. सेकंद हा जुन्या साठमान कालगणनेतून दत्तक घेतलेला आहे. त्याच्यापुढे मिली लावून मिलिसेकंद करता येतो. पण मिनिट, तास व दिवस यांना केवळ सोबत राहण्याची परवानगी आहे, त्यांना कुळात घेतलेले नाही. लिटर, हेक्टर आणि टन यांचीही आज अशीच स्थिती आहे : जन्माने मेट्रिक, आणि आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या काटेकोर यादीबाहेर असूनही तिच्याबरोबर वापरण्यास मान्य. ह्या दत्तक सेकंदाचे पुढे चांगलेच बस्तान बसले. १९८३ पासून मीटरची व्याख्याच अशी आहे की, प्रकाश निर्वात पोकळीत सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर तोडतो तेवढा मीटर. पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या धातूच्या किलोग्रॅमचे अधिकारही २० मे २०१९ रोजी संपले आणि किलोग्रॅम निसर्गातील एका स्थिर राशीवर बसविण्यात आला. दुकानातील वजनात त्यामुळे तिळमात्र फरक पडला नाही.

विहिरीवरील पंप पाच अश्वशक्तीचा असतो आणि त्याच्या पाटीवर ३.७ किलोवॉट असेही लिहिलेले असते. वॉट आंतरराष्ट्रीय पद्धतीतला, अश्वशक्ती बाहेरची. विजेच्या बिलातील 'युनिट' हे एक किलोवॉट-तासाचे असते. त्यातील किलोवॉट घरचा आणि तास पाहुणा, म्हणून एका युनिटाचे ज्यूल सरळ दशलक्ष न होता ३६ लाख होतात.

सर्वांत अधिक सावधगिरी औषधांच्या मापांत बाळगावयास हवी. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचे अंतर आहे, आणि दोन्ही शब्द घाईत सारखेच वाचले जातात. रोमन लिपीत लिहिताना लहान 'एम्' म्हणजे मिली आणि मोठा 'एम्' म्हणजे मेगा. एक हजारावा भाग, दुसरा दहा लाख पट. मुलांच्या वहीत ही अक्षरे कशीही आलेली चालवून घेऊ नयेत. पातळ औषध घरातल्या चमच्याने देण्याची रीतही अशीच धोक्याची, कारण घरोघरचे चमचे लहानमोठे असतात. बाटलीसोबत मिळणाऱ्या झाकणावर मिलिलिटरच्या रेघा असतात त्या मुलांना वाचता आल्या पाहिजेत.

ह्या घटकाच्या शेवटी विद्यार्थ्यांना घरून रिकामी वेष्टणे, जुनी बिले व वर्तमानपत्रांची कात्रणे आणावयास सांगावीत आणि त्यांवरील मापांचे तीन ढीग करावयास लावावेत : मेट्रिक कुळातली, सोबत राहणारी आणि परकी. वाद होतील ते होऊ द्यावेत. आरोग्य केंद्रातून कोणी जुन्या तापमापकाचा उल्लेख केला तर त्यावरील ९८.६ हा आकडा फॅरनहाइटचा आहे आणि सेल्सिअसमध्ये तो ३७ होतो, हे फळ्यावर करून दाखवावे : ९८.६ मधून ३२ वजा करून ६६.६, त्याला पाचाने गुणून ३३३ आणि नवाने भागून ३७.